पहिल्या वर्षाची सोबत

आज ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. राज्यातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत आज टेबलावर धुतलेली चादर पसरली गेली असेल, तिच्यावर सावित्रीबाईंची तसबीर, तसबिरीला झेंडूचा हार. चौथीतली एखादी चुणचुणीत मुलगी आजीचे लुगडे खोचून, कपाळावर आडवी चिरी रेखून उभी राहिली असेल आणि तिने पाठ केलेले भाषण म्हटले असेल. शेणाच्या गोळ्यांचे वाक्य आले की अशा मुलीचा आवाज हमखास चढतो. मग टाळ्या, बिस्किटे, फोटो. आणि तो फोटो दुपारी बाराच्या आत केंद्राच्या ग्रुपवर टाकण्याची लगबग. यात वावगे काही नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकवायला उभ्या राहिलेल्या बाईची आठवण आज पाड्यापाड्यावर निघते, हे थोडे नव्हे.

त्या भाषणातला एक तुकडा मात्र दर वर्षी गळतो. नायगावची मुलगी, लहानपणी झालेले लग्न, जोतीरावांनी हाती दिलेली पाटी, भिडे वाडा, शेण, पिशवीतले दुसरे लुगडे असे ते भाषण धावत सुटते. पाटी आणि भिडे वाडा यांच्या मधे काय झाले ते कोणी सांगत नाही. मधे प्रशिक्षण होते. घरी जोतीरावांकडे धडे गिरवून झाल्यावर पुढचा अभ्यास सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या त्यांच्या मित्रांनी घेतला. नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक घडवण्याची शाळा. १८४८ साली मुलींच्या शाळेत त्या उभ्या राहिल्या तेव्हा वय जेमतेम सतरा. सोबत होत्या जोतीरावांना आईच्या मायेने वाढवणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर, पुढे फातिमा शेख. शाळा सुटल्यावर घरी जाऊन ‘आज वर्गात असं असं झालं’ असे ज्याच्यापुढे बोलावे, तो माणूसही त्याच कामात बुडालेला.

‘पहिली शिक्षिका’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे एकटी बाई येते. रस्त्यावरून जाताना त्या एकट्या असतीलही. वर्गात त्यांना एकटे टाकले गेले नव्हते. आज त्यांच्या नावाने भाषणे करणाऱ्या या राज्यात नव्या शिक्षिकेला वर्गात कोण सोबत करते, हा प्रश्न आजच्या दिवशी विचारायला हवा.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेची हकिगत सांगतो. गाव लातूरकडचे. डी.एड. झाले २०१० साली. त्यानंतर राज्यात शिक्षकभरती आटली, २०१२ मध्ये तर बंदीच आली. मधल्या काळात लग्न, दोन मुले, तालुक्याच्या गावी एका खासगी शाळेत सहा हजारांवर नोकरी, संध्याकाळी घरी शिकवण्या. डिसेंबर २०१७ मध्ये पहिली अभियोग्यता चाचणी झाली, तीत गुण कमी पडले. २०२३ च्या दुसऱ्या चाचणीत जमले. शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नाव लागले आणि २०२४ साली नेमणूक मिळाली ती नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर. आपल्याकडे ‘नवा शिक्षक’ म्हटले की बावीस-तेवीस वर्षांचे पोर डोळ्यांपुढे येते. ही नवी शिक्षिका पस्तिशीला टेकलेली होती. अध्यापक विद्यालयात शिकलेले बरेचसे विसरलेली, बरेचसे मधल्या काळात जुने झालेले. त्या भरतीत सुमारे अकरा हजार जणांची शिफारस पहिल्या फेरीत झाली. त्यांतले कितीतरी असेच, वाट पाहून थकलेले होते.

शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. दुसरे गुरुजी प्रभारी मुख्याध्यापक, शिवाय मतदार यादीचे बीएलओ. त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस ते तालुक्याला. पहिल्या दिवशी त्यांनी बाईंच्या हाती कपाटाच्या किल्ल्या, पोषण आहाराची नोंदवही आणि पहिली-दुसरीची हजेरी दिली. “बाकी हळूहळू कळेल मॅडम.” वर्गात एकोणीस मुले बस्करांवर बसलेली. घरची बोली पावरी. बाईंची मराठी त्यांना निम्मी कळे, त्यांची पावरी बाईंना अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा येऊन काहीतरी बोलला, बाईंनी मान डोलावली, तो दप्तर उचलून घरी गेला. घरी जाऊ का, असे तो विचारत होता, हे त्यांना दुपारी कळले.

चार महिने असेच गेले. वर्गात आवाज भरपूर. बाई म्हणतील ते मुले मागून म्हणत. “समजलं का?” “होऽऽ!” पोषण आहाराच्या नोंदी चोख. ऑनलाइन माहिती वेळेवर. बाईंना वाटू लागले, बसते आहे घडी.

मग एका शनिवारी मोटारसायकलवरून एक निवृत्त गुरुजी आले. त्याच खोऱ्यात पंचवीसएक वर्षे काढलेले, पावरी अस्खलित बोलणारे. त्यांना कोणी पाठवले नव्हते. नवीन बाई आल्यात असे बाजारात ऐकले म्हणून आले. “मागं बसू का जरा?” बाईंच्या पोटात गोळा. अध्यापक विद्यालयातल्या सराव पाठांची आठवण झाली असणार. तिथे मागे बसणारा माणूस हातात पाठ निरीक्षण वही घेऊन बसतो आणि पस्तीस मिनिटांनी ‘फलकलेखन सुबक हवे’ असा शेरा मारून उठतो. आपल्या बहुतेक शिक्षकांना वर्गात मागे बसणाऱ्या माणसाची एवढीच एक जात माहीत असते.

गुरुजींनी वही काढली नाही. ते भिंतीला टेकून बसले, शेजारच्या पोराशी काहीतरी कुजबुजले. पोराने पुस्तक उघडून घडाघडा वाचून दाखवले. बाईंचा चेहरा फुलला. गुरुजींनी पानावरच्या चित्रावर तळवा ठेवला आणि म्हणाले, आता वाच. पोरगा थांबला. त्याने गुरुजींच्या तळव्याकडे पाहिले, मग बाईंकडे.

गुरुजी तेव्हा काही बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर, ओट्यावर कोरा चहा घेताना त्यांनी फक्त विचारले, “सगळ्यांची चित्रं झाकली तर किती वाचतील, ताई?” आणि निघून गेले. सोमवारी बाईंनी एकेकाला जवळ घेऊन तेच करून पाहिले. एकोणिसांपैकी तिघे वाचू शकले. “मला गुरुजींचा फार राग आला होता,” असे त्या आता सांगतात. “इतके दिवस वर्ग छान चाललाय असं वाटत होतं, ते त्यांनी घालवलं.”

पंधरा दिवसांनी गुरुजी पुन्हा आले. त्या वेळी खडू त्यांनी हातात घेतला आणि मागे बाई बसल्या. त्यांनी मुलांना पाड्यावरच्या वस्तूंची नावे त्यांच्याच बोलीत सांगायला लावली, ती फरशीवर देवनागरीत लिहिली आणि ज्याने शब्द सांगितला त्याला त्या शब्दावर उभे केले. पोरे आपापल्या शब्दावर उभी राहून ओरडू लागली. मग वर्गाच्या दारात एक करडू आले, सगळी मुले शब्द सोडून त्याच्यामागे धावली आणि गुरुजींचा पाठ तिथेच मोडला. ते हसत बसले. बाई म्हणतात, त्या दिवशी माझी भीती गेली. गुरुजींचाही पाठ फसतो, आणि फसला तरी माणूस बसून हसू शकतो, हे त्यांनी नोकरीत पहिल्यांदा पाहिले.

यात जादू काही नव्हती. एक जाणते माणूस वर्गात येऊन बसले, त्याने एकच गोष्ट पाहिली, एकच प्रश्न विचारला आणि पंधरवड्याने तो पुन्हा आला. बाजारात कोणी बोलले नसते तर ते एवढेही घडले नसते. आमची तक्रार या शेवटच्या वाक्यापुरती आहे.

आपल्या भाषेत यासाठी एक जुना, मोलाचा शब्द आहे: उमेदवारी. गवंड्याचा पोरगा आधी दोन वर्षे माल कालवतो. सोनाराकडचा मुलगा भाता फुंकता फुंकता उस्तादाच्या बोटांकडे बघतो. वकील सनद घेतल्यावरही सिनियरच्या चेंबरमध्ये फायली वाहतो. डॉक्टरला पदवी हाती पडण्याआधी वर्षभर वॉर्डात राबावे लागते आणि रात्री दोन वाजता अडले तर उठवायला वरचा डॉक्टर असतो. उमेदवारीत पैसे कमी मिळतात. ते कोणाला खुपत नाही, कारण त्या बदल्यात हाताखाली घेणारे कोणीतरी मिळते.

महाराष्ट्रात शिक्षकांची उमेदवारी २००० सालापासून अधिकृत आहे. शिक्षण सेवक योजना ती हीच. पहिली तीन वर्षे पूर्ण वेतन नाही, फक्त मानधन. प्राथमिकला सुरुवातीला महिना तीन हजार, पुढे सहा, आणि २०२३ पासून सोळा हजार. तीन वर्षे ‘समाधानकारक’ गेली की कायम नेमणूक. म्हणजे उमेदवारीतला कमी पैशांचा भाग आपण शासन निर्णय काढून पक्का केला आणि उस्तादाचा भाग विसरलो. तीन वर्षांत त्या सेवकाने कोणाच्या वर्गात बसावे, त्याच्या वर्गात कोणी बसावे, अडल्यावर त्याने कोणाला विचारावे, यासाठी ठोस व्यवस्था नाही. समाधान कोणाचे आणि कशावरून, तेही गुलदस्त्यात. ही योजना तिजोरीच्या सोयीसाठी निघाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण नाव ‘सेवक’ ठेवून आपण काय सुचवले, याचाही कधी विचार व्हावा.

प्रशिक्षणे होत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. उलट ती इतकी होतात की शिक्षक संघटनांच्या निवेदनांत ‘प्रशिक्षणांचा भडिमार थांबवा’ हे कलम ठरलेले असते. २०१९ पासून ‘निष्ठा’ प्रशिक्षण आहे, ‘दीक्षा’ पोर्टलवर ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. राज्याच्या तज्ज्ञांनी जिल्ह्याच्या सुलभकांना शिकवायचे, त्यांनी तालुक्याच्या, तालुक्याने शिक्षकांना. ओंजळीत पाणी घेऊन चार घरे ओलांडावीत तसे हे ज्ञान चालत येते आणि शेवटच्या सभागृहात पोहोचते तेव्हा बोटे ओली असतात, एवढेच. सभागृहात पंखे, चार्ट पेपर, गटचर्चा, ‘प्रत्येक गटाने आपले सादरीकरण करावे’, चहा, हजेरीपत्रक, उपस्थितीचे प्रमाणपत्र. सुलभक बिचारा प्रामाणिक असतो. पण पाचव्या रांगेतल्या बाईंच्या वर्गातली ती एकोणीस मुले त्याला कशी दिसणार? त्या मुलांपुढे तळवा ठेवायला तिथे जाऊनच बसावे लागते.

हे दुखणे नवे नाही, आणि त्यावर बोट ठेवणारा माणूस आजच्या दिवसाशी जवळून जोडलेला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी सर्वांना ठाऊक आहे. त्यातला शिक्षकांवरचा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. बहुतेक शिक्षक अप्रशिक्षित आहेत, पगार तुटपुंजा आहे, अशी तक्रार करून ते शेतकरी वर्गातून आलेले, नांगराला हात लावायला न लाजणारे प्रशिक्षित शिक्षक मागतात आणि अशा शिक्षकाला बारा रुपयांहून कमी पगार नसावा म्हणतात. त्यापुढे ते तपासणीकडे वळतात. डेप्युटी साहेबाने वर्षातून एकदा शाळेत येण्याने काही साधत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली जावी, शिवाय अधूनमधून न कळवताही कोणी यावे. माणसाने वर्गात वारंवार यायला हवे, हे जोतीरावांना तेव्हाच उमगले होते. येऊन करायचे काय, हा पुढचा प्रश्न राहिला होता.

त्याचे उत्तर या महाराष्ट्रात नंतर मिळाले, तेही सरकारी कचेरीबाहेर. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. म्हणजे शिक्षिका घडवणाऱ्यांच्या प्रमुख. ती खुर्ची सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, आणि बालशिक्षणात नवख्या बनून त्यांच्या बरोबरीने काम करीत शिकल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या तेव्हा त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताई काही कोऱ्या नव्हत्या, पुण्यात हुजूरपागेत बरीच वर्षे शिकवून आलेल्या होत्या. पण मोठ्या मुलींपुढे इयत्तेचा पाठ घेणे आणि बोर्डीच्या वस्तीतल्या तीन वर्षांच्या पोराचे नाक पुसून त्याला शिंपले मोजायला लावणे यांत जमीन-अस्मानाचा फरक. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली गेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात ती तिथून निघाली. हे सगळे अनुताई कोणत्या शिबिरात शिकल्या? ताराबाईंबरोबर राहून, रोज काम करून, रोज त्यावर बोलून. वाद घालूनही, असे मानायला हरकत नाही. दोघीही ठाम मतांच्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई स्वतः इतरांच्या ताराबाई झाल्या. गिजुभाई, ताराबाई, अनुताई, आणि अनुताईंच्या हाताखालून गेलेल्या बालसेविका. एका दिव्यावर दुसरा लावत जावा तशी ही माळ. तिच्यात एकही कडी पॉवरपॉइंटची नाही. (त्या काळी तो नव्हता म्हणून, असे कोणी म्हणेल. असता तरी कोसबाडला वीज कुठे होती!)

लीलाताई पाटील यांनीही अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहून थांबायचे सोडून १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढले. इतकी वर्षे छात्राध्यापकांना जे सांगितले ते मुलांसमोर करून दाखवता येते का, हे त्यांना पाहायचे होते. सरकारी चौकटीत हे जमतच नाही, असेही नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी चाळीसएक जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांना सोबत घेऊन वर्गांचा नूर पालटला. विस्तार अधिकारी म्हणजे आपल्याकडे तपासणारी खुर्ची. तीच वर्गात फरशीवर येऊन बसली. पुढे राज्यभरातून हजारो शिक्षक तिथले वर्ग बघायला गेले. फरशीवरच्या रंगीत आखणीचे फोटो काढून कित्येकांनी आपल्या शाळेत तशीच आखणी केली. ऑइलपेंट पोहोचला, शेजारी बसणारी बाई काही सगळीकडे पोहोचली नाही.

खरे तर सोबतीची जागा आपल्या रचनेत आधीपासून आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दहा-बारा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख ही कल्पना आली, ती नेमकी यासाठी. केंद्रप्रमुखाने महिनाभर शाळांत हिंडावे, वर्ग पाहावेत, स्वतः आदर्श पाठ घ्यावेत, शिक्षण परिषदेत सगळ्यांना एकत्र बसवावे. कागदावर याहून चांगली योजना सुचणे अवघड. प्रत्यक्षात किती जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, किती जणांकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार, हे कोणत्याही तालुक्यात विचारा. जे आहेत त्यांचा दिवस ‘अति तात्काळ, आजच्या आज’ माहिती गोळा करण्यात जातो. गणवेश किती वाटले, आधार किती जुळले, झाडे किती जगली. केंद्रप्रमुख दारात दिसले की नवी शिक्षिका आधी नोंदवह्यांचा गठ्ठा पुढे करते. तिची चूक नाही. त्यांनी आजवर तेच मागितलेले असते. एखाद्या केंद्रप्रमुखाला वर्गात बसायचे असले तरी जाताना त्याला शेरेबहीत दोन ओळी लिहाव्या लागतात, आणि तिथेच गाठ बसते. जो माणूस उद्या अहवाल लिहिणार, त्याच्यापुढे ‘मला जोडाक्षरे शिकवता येत नाहीत हो’ असे कोण कबूल करील? तपासणारा आणि सोबत करणारा ही दोन माणसे वेगळी हवीत. पैसे कमी म्हणून एकच असला तरी त्याचे येण्याचे दिवस वेगळे हवेत आणि सोबतीच्या दिवशी त्याच्या हाती लिहिण्याचे काही नसावे.

आपला भरवसा आहे परीक्षांवर. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आहे, मग अभियोग्यता चाचणी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणे भाग पडले, आणि पन्नाशीतले गुरुजी पुन्हा गाइड घेऊन बसले. परीक्षा असाव्यात. पण परीक्षेने इतकेच कळते की अमुक माणसाला आत घ्यावे की नाही. आत घेतल्यानंतरच्या पहिल्या जून महिन्यात, भिंतीकडे तोंड करून रडणाऱ्या पहिलीतल्या पोराचे काय करायचे, हा प्रश्न कोणत्याच प्रश्नपत्रिकेत नसतो.

शिक्षक मंडळींत या विषयावर बोलले की एक उत्तर ठरलेले: “आम्हाला कोण आलं होतं शिकवायला? शिकलोच ना आम्ही.” खरे आहे, शिकलात. पण कोणाच्या जिवावर? पहिली दोन-तीन वर्षे चाचपडताना तुमच्यापुढे जी मुले बसली होती, त्यांच्या. तुमचे पहिले वर्ष वाईट गेले तर दुसरे चांगले जाते. त्या मुलांची पहिली इयत्ता पुन्हा आली नाही. त्यांतली काही पाचवीत अक्षरे लावत बसलेली सापडली, तेव्हा आपण ‘पाया कच्चा’ म्हणून पालकांना दोष दिला.

दुसरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी उस्ताद मिळतोच. फक्त तो भलत्याच विद्येचा असतो. कोणत्या साहेबाला कोणता तक्ता आवडतो, भेटीच्या आदल्या दिवशी कोणत्या वह्या तपासून ठेवायच्या, ऑनलाइन माहितीत कोणत्या रकान्यात शून्य टाकायचे नसते, हे त्याला महिन्याभरात शिकवणारे जाणकार प्रत्येक केंद्रात असतात, आणि ते मोठ्या आपुलकीने शिकवतात. सोबतीची रीत आपल्याला माहीत नाही असे नाही. तिच्यातून काय पुढच्या हाती जाते, ते बघा. म्हणून केवळ सेवाज्येष्ठतेने सोबती नेमून भागायचे नाही. ज्याच्या वर्गातली मुले वाचतात आणि ज्याच्यापुढे नवखा माणूस मोकळेपणी बोलतो, अशी माणसे हुडकावी लागतील. गावाला ती ठाऊक असतात.

२०२३ साली शासनाने रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार मानधनावर घ्यायचे ठरवले, तेव्हा बेरोजगार डी.एड.धारक संतापले, ते रास्तच होते. त्या निवृत्तांना कायम जागा अडवायला बोलावण्यापेक्षा नव्यांच्या वर्गात मागे बसायला बोलावले असते तर भांडण झाले नसते आणि काम झाले असते. आजही करता येईल. नेमणुकीच्या आदेशातच एक ओळ वाढवा: आपले पहिल्या वर्षाचे सोबती अमुक. महिन्यातून दोन भेटी, सोबत्याला प्रवासखर्च, त्याच्या हाती शेरेबही नाही. पहिल्या वर्षी त्या नवख्या शिक्षकाला मतदार यादीपासून आणि ऑनलाइन माहितीपासून सूट. सोबत्यांची तयारी करून घेणे हे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे काम. १९८६ च्या धोरणातून त्या निघाल्या, इमारती आहेत, वसतिगृहे आहेत, पदे मात्र भरायला हवीत. वाडा गावाजवळ क्वेस्टसारखी संस्था, फलटणला प्रगत शिक्षण संस्था वर्षानुवर्षे शिक्षकांच्या शेजारी बसून काम करीत आल्या आहेत. त्यांना विचारले तर त्या नाही म्हणणार नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मार्गदर्शक शिक्षकांचे राष्ट्रीय अभियानही लिहिलेले आहे. ते पाड्यापर्यंत चालत यायचे आहे.

शासन हे करील तेव्हा करील. २०३१ साली सावित्रीबाईंच्या जन्माला दोनशे वर्षे होतील. त्या वेळी पुतळे, टपाल तिकिटे, मोठा निधी सगळे होईल, त्याची काळजी नको. आमची विनंती साधी आहे आणि ती ज्येष्ठ शिक्षकांना, मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना आहे. आज तसबिरीला हार घालून झाला असेल. तुमच्या केंद्रात गेल्या एक-दोन वर्षांत रुजू झालेले कोणी ना कोणी असेलच. त्या बाईंना, त्या सरांना फोन करा, येऊ का म्हणून विचारा, आणि या आठवड्यातला एक तास त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसा. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. शेरेबही ऑफिसातच राहू द्या.